सरपण फोडण्याची हत्यारे : निवड व वापर

बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी एकच कुऱ्हाड असते. झाड तोडणे व सरपण फोडणे ही दोन्ही कामे तिच्याकडूनच घेतली जातात. वस्तुतः ही कामे भिन्न आहेत. तोडताना लाकडाचे तंतू आडवे छेदावयाचे असतात. त्यास पातळ व तीक्ष्ण पाते लागते. फोडताना तेच तंतू उभे विलग करावयाचे असतात. त्यास पाचरीप्रमाणे मागे जाड होत गेलेले पाते हवे. पातळ पाते ओंडक्यात रुतते आणि ते उपटताना दांडा मोडतो.

हत्यारांची निवड.— फोडण्याची कुऱ्हाड सुमारे १.५ ते २ किलो वजनाची असावी. जाड बुंध्यांसाठी दोन लोखंडी पाचरी व एक घण जवळ ठेवावा. एक पाचर अडकल्यास दुसरीने भेग रुंदावून ती सोडविता येते. दांडा धामणीचा किंवा बाभळीचा, सरळ व बिनगाठीचा घ्यावा. सैल दांडा पाण्यात भिजविल्यास घट्ट होतो खरा. परंतु वाळताच तो पुन्हा सैल पडतो. म्हणून त्याच्या टोकात लहान पाचर ठोकून तो पक्का करावा.

फोडण्याची रीत.— ओंडक्याचे ३० ते ४० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. तुकडा गुडघ्याहून कमी उंचीच्या रुंद ठोकळ्यावर उभा ठेवावा. म्हणजे घाव चुकला तरी पाते पायावर न येता ठोकळ्यात बसते. मूळच्या भेगेवर घाव घालावा, गाठ टाळावी. बुंधा मोठा असल्यास मध्यावर न मारता कडेने ढलप्या काढीत जावे.

दक्षता.— पाय फाकवून उभे राहावे व घाव उतरताना गुडघे किंचित वाकवावेत. मुलांना दूर ठेवावे. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नये. दांड्याचे छिद्र फाटते. पाचरीचा माथा ठोकून पसरल्यास त्याच्या कडा घासून काढाव्यात, अन्यथा लोखंडाची कपची उडून डोळ्यास इजा होते.

लाकूड तोडल्यावर लवकर फोडावे. फोडलेले लाकूड अखंड ओंडक्यापेक्षा लवकर वाळते. ओल्या सरपणाची बरीचशी उष्णता त्यातील पाणी आटविण्यातच खर्च होते आणि धूर चुलीपुढे बसणाऱ्या भगिनींच्या डोळ्यांत व छातीत जातो. यास्तव पावसाळ्याचे सरपण उन्हाळ्यातच फोडून आडोशाला रचावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत प्रत्यक्ष करून दाखवावी व त्यापूर्वी प्रत्येक कुऱ्हाडीचा दांडा हलवून पाहावा.