भूमध्य समुद्रातील हेकरू

कोकणच्या बाजारात हेकरू किंवा गोब्रा या नावाने जे मासे येतात, त्यांच्याच कुळातील एक मोठा मासा भूमध्य समुद्राच्या खडकाळ किनाऱ्यालगत कपारींतून राहतो. त्याचा जीवनक्रम मोठा विलक्षण आहे. प्रथम हे मासे मादी असतात. सुमारे पाच वर्षांनी ते अंडी घालू लागतात, आणि पुढे बहुधा बारा वर्षांनंतर त्यांतील काहींचे नरांत रूपांतर होते. म्हणजे सर्वांत थोराड मासे तेवढे नर. भाला घेऊन बुडी मारणारा शिकारी नेमका थोराडच मासा टिपतो! लहान मासे सोडून मोठे धरावेत, हा एरवीचा शहाणपणाचा नियम येथे घातकच ठरतो.

फ्रान्सने १९६३ साली पोर-क्रो बेट व सभोवारचा समुद्र राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला. स्पेनच्या मेदेस बेटांलगत १९८३ मध्ये मासेमारीस मनाई झाली. दोन्ही ठिकाणी हे मासे पुन्हा वाढले. त्यांची गणना त्यांना न मारता होते. पाणबुडे संशोधक खडकांवरून संथपणे पोहत जातात आणि दिसेल त्या माशाची अंदाजे लांबी पाटीवर टिपतात. कारण लांबीवरून वयाचा, आणि वयावरून नरमादीचा अदमास बांधता येतो.