पेशीतली धोक्याची घंटा आणि 'सी' कावीळ

निफाड तालुक्यात गोदाकाठच्या वस्तीवर बिबट्या दिसला की काय होते, हे वाचकांना सांगायला नको. ज्याला तो दिसतो तो आरोळी ठोकतो, डबा बडवतो. ते ऐकून शेजारी वासरे गोठ्यात घेतात, पोरांना आत ओढतात, दारांना कड्या लावतात. पहिल्या घरची शेळी कदाचित जाते. पुढची दहा घरे वाचतात.

आपल्या शरीरातही असेच घडते. विषाणू शिरलेली पेशी 'इंटरफेरॉन' नावाचे प्रथिन बाहेर सोडते. ही तिची आरोळी. ती पोहोचताच शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखणारी प्रथिने तयार करून सावध होतात. अलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये लंडन येथे इंटरफेरॉनचा शोध लावला. फ्लूच्या तापात अंग मोडून येते, त्यात या प्रथिनाचाही वाटा असतो.

घंटेचा दोर

पण आरोळी ठोकण्याचा हुकूम कोण देते? पेशीत काही राखणदार प्रथिने असतात. ती विषाणूचा आर.एन.ए. ओळखतात आणि 'मॅव्हस' या दुसऱ्या प्रथिनाला वर्दी देतात. मॅव्हस पेशीतील ऊर्जाघराच्या, म्हणजे तंतुकणिकेच्या, बाहेरच्या आवरणावर बसलेले असते. ते म्हणजे जणू घंटेचा दोर. तो ओढला गेला की इंटरफेरॉन बनू लागते. २००५ मध्ये चार वेगवेगळ्या संशोधक गटांनी हे प्रथिन शोधले आणि प्रत्येकाने त्याला निराळे नाव दिले!

आता चोराची हुशारी पाहा. हिपॅटायटिस 'सी'चा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की स्वतःजवळच्या कात्रीसारख्या प्रथिनाने हा दोरच कापून टाकतो. राखणदार जागा असतो, पण घंटा वाजत नाही. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो, त्यामागचे हे एक कारण आहे.

प्रयोगशाळेतले मानवी प्रथिन

ही कापाकापी अभ्यासण्यासाठी मॅव्हस शुद्ध स्वरूपात हवे. ते माणसाच्या शरीरातून काढत नाहीत. त्याचे मानवी जनुक बहुधा जिवाणूंमध्ये बसवतात. जिवाणू वाढतात आणि ते प्रथिन बनवून देतात. परीक्षानळीत त्यावर विषाणूची कात्री चालवून पाहता येते, आणि एखादे रसायन ती कात्री बोथट करते का, हेही तपासता येते. असे प्रथिन फक्त संशोधनासाठी असते. ते औषध नव्हे.

विषाणूची ही कात्री बोथट करणारी पहिली औषधे २०११ मध्ये आली. त्यापूर्वी जनुकीय तंत्राने बनवलेल्या इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, अंगदुखी, उदासी यांनी रोगी हैराण होई, आणि तरीही अनेकांचा आजार हटत नसे. आज बहुतेक रोग्यांना सुमारे १२ आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले पंचाण्णवांहून अधिक बरे होतात.

आपण काय करावे?

आपल्याकडे कावीळ म्हटली की माळ घालणे, नाकात औषध सोडणे हे प्रकार चालतात. दूषित पाण्यातून होणारी 'ए' व 'ई' कावीळ बहुधा आपोआपच बरी होते, आणि श्रेय माळेला मिळते. 'सी' प्रकार मात्र रक्तातून पसरतो. त्यात डोळे पिवळे होतीलच असे नाही. वीस-तीस वर्षे काहीही न जाणवता यकृत आतून निबर होत जाते. पुढे पोटात पाणी होते, कधी कर्करोगही होतो.

म्हणून पुढील व्यक्तींनी एकदा तरी रक्त तपासून घ्यावे: रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची होण्यापूर्वी, म्हणजे साधारण २००२ पूर्वी, ज्यांना रक्त दिले गेले ते, डायलिसिसवर असलेले, एकच सुई अनेकांना वापरली जाई तेथे इंजेक्शने घेतलेले, आणि जत्रेत गोंदवून घेतलेले.

पहिली चाचणी सदोष आली तरी घाबरू नये. विषाणू कधीतरी येऊन गेला, एवढेच ती सांगते. तो अजून शरीरात आहे का, हे दुसऱ्या, आर.एन.ए. चाचणीतून कळते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत दिली जातात. निफाडच्या सरकारी रुग्णालयात किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

'सी'वर अजून लस नाही. 'बी'वर आहे, ती मुलांना जरूर द्यावी. इंजेक्शन घेताना सुई नवी, आपल्यासमोर पाकिटातून काढलेली असावी. वस्तरा व दात घासण्याचा ब्रश प्रत्येकाचा वेगळा असावा. मात्र एका ताटात जेवल्याने किंवा स्पर्शाने हा आजार होत नाही. तेव्हा घरातील रोग्याला दूर लोटू नये.

या रोगात शरीराची घंटा वाजेलच असा भरवसा नाही. ती वाजण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी, हेच शहाणपणाचे.