हँडब्रेकची केबल: कटर उचलण्याआधी

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकवर सुरू होणारी गाडी बनवली. २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्यांना बोलेरो दिली. (गाडी नियमात बसत नाही, हेही महिंद्रांनीच सांगितलं होतं. आरटीओ विसरू नका.)

अशी घरी बनवलेली गाडी हिंगोलीत तुमच्या गॅरेजला आली, तर हँडब्रेकची केबल बहुतेक लांबच निघणार, कारण ती दुसऱ्याच गाडीची असते. लगेच कापू नका. आधी ड्रममधले शू ॲडजस्ट करा. झिजलेल्या शूवर केबल आखूड केली, तर नवे शू टाकल्यावर चाक घासत राहतं.

थोडीच ढील उरली? कव्हरचं टोक आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये तारेवर स्टीलची छोटी नळी ओवा. तार न कापता ढील जाते. केबल फारच लांब असेल, तर चाक वर-खाली होण्याइतकी मोकळीक ठेवून कव्हर आणि तार सारखीच कापा, टोक मशीनवर प्रेस करून घ्या. सायकलचा स्क्रूवाला निपल? अजिबात नाही, उतारावर सुटला तर गाडी कुणाच्या तरी अंगावर जाईल.

लिव्हर सोडल्यावर जॅकवरचं चाक मोकळं फिरलं, आणि ओढल्यावर गाडी उतारावर थांबली, मगच बिल करा. सेटिंगची मजुरी वेगळी लिहा. गिऱ्हाईक घासाघीस करणार, करू द्या.