करवंटीचे काँक्रीट

नारळ फोडला की खोबरे आपण खातो आणि करवंटी चुलीत घालतो. गिरणीतून भात भरडून आणला की तांदूळ घरात येतो आणि तुसे उकिरड्यावर जातात. या टाकाऊ वस्तू घर बांधायला कामी येतात. कशा ते पाहू.

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण. खडी डोंगर फोडून काढतात. माझे मामा निगडीला गवंडीकाम करतात. तिकडे लई उंच इमारती आहेत. त्या सगळ्यांच्या पोटात कुठला ना कुठला डोंगर आहे. निगडीची दुर्गा टेकडी बाग करून राखली आहे, पण सगळ्याच टेकड्यांचे नशीब असे नसते.

दुसरी गोष्ट वजनाची. १ घनमीटर साधे काँक्रीट सुमारे २४०० किलो भरते. खडीऐवजी करवंटीचे तुकडे घातले तर ते सुमारे २००० किलो भरते. वजाबाकी करा. ४०० किलो कमी! सिमेंटचे पोते ५० किलोचे, म्हणजे ८ पोत्यांचे ओझे उतरले.

ओझे कमी झाले तर काय होते? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. तिथल्या घरांच्या भिंती दगडमातीच्या होत्या आणि वर मातीचे जड माळवद. ते अंगावर पडून हजारो माणसे झोपेतच गेली. घर जितके जड, तितका भूकंपाचा जोर त्याच्यावर जास्त. म्हणून घर हलके हवे आणि मजबूतही हवे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मामांनी प्रयोग केला.

साहित्य : सारखे दोन डबे, सिमेंट, वाळू, खडी, करवंटीचे तुकडे.

कृती : करवंटीचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवले, कारण कोरडी करवंटी मिश्रणातले पाणी पिऊन टाकते. एका डब्यात खडीचा माल भरला, दुसऱ्यात करवंटीचा. दुसऱ्या दिवशी ठोकळे काढले आणि ७ दिवस त्यांवर पाणी मारले.

निरीक्षण : खडीचा ठोकळा १ किलो २०० ग्रॅम भरला, करवंटीचा १ किलो. मग मामांनी हातोडा मारला. करवंटीचा चौथ्या घावाला फुटला, खडीचा सातव्या घावाला. मामा म्हणाले, "पोरी, याचा खांब नको. आतली भिंत चालंल."

आता तुसांचे ऐका. १०० किलो भातातून सुमारे २० किलो तुसे निघतात. ती जाळली की सुमारे ४ किलो राख उरते. या राखेत बहुतेक सिलिका असते. बेताच्या आचेवर जाळून बारीक दळलेली राख थोड्या सिमेंटच्या जागी वापरता येते.

उसाचे चिपाड मात्र तसेच घालू नये. साखर ही सिमेंटची वैरीण आहे. ती मिसळली की सिमेंट घट्टच होत नाही.

सूचना : सिमेंटने हाताची आग होते. प्रयोग मोठ्या माणसांबरोबरच करा.

सांगा पाहू : तुमच्या घरी वर्षाला १० पोती भात होतो. एक पोते ७५ किलोचे. तर तुसे किती आणि राख किती? उत्तर वहीत लिहून गुरुजींना दाखवा.

— इयत्ता ४ थी