उद्योजकता शिकायला निघाली आहेस तर...

अगं, तुझा प्रश्न फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून बसून लिहिते. बारावीनंतर उद्योजकतेचा अभ्यासक्रम घ्यावा की सरळ बी.कॉम. करावं, असं तू विचारलंस. काकांचं म्हणणं मी ऐकलंय: ‘धंदा काय कॉलेजात शिकतात होय? तो रक्तात असावा लागतो.’ त्यांच्यावर चिडू नकोस. आयुष्यभर दुकान चालवलेला माणूस आहे तो, आणि लेकीच्या फीचे पैसे वाया जाऊ नयेत एवढीच त्याची काळजी आहे.

पण रक्ताची गोष्ट मला पटत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचंच बघ ना. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. हक्काची बढती मिळाली नाही तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि भावाबरोबर सायकलींच्या दुकानात उभे राहिले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत ते जे शिकले असतील, म्हणजे गिऱ्हाईक नाही का म्हणतं, त्याची भीती कशी घालवायची, तोवर हातातला पैसा कसा पुरवायचा, ते शिकवता येतं. सगळं येत नाही, पण बरंच येतं. मी स्वतः हा अभ्यासक्रम केलाय, नंतर बरीच वर्षं नोकरी केली आणि आता पॅकिंगच्या खोक्यांचा छोटा कारखाना चालवते, म्हणून हे खात्रीनं सांगते.

मात्र एक गोष्ट आधीच मनाशी धर. हा अभ्यासक्रम केला म्हणजे तू उद्योजक होशीलच, असं नाही. कॉलेजच्या जाहिरातीत तसं सुचवलेलं असतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास झालाय. तिथल्या बिझनेस स्कूलच्या उद्योजकता कार्यक्रमामुळे स्वतःची कंपनी काढणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही, उलट थोडं कमीच झालं असावं. पण ज्यांनी काढल्या, त्यांच्या कंपन्या बुडण्याचं प्रमाण घटलं आणि त्यांची उलाढाल जास्त राहिली. जर्मनीत म्युनिकला हा विषय सगळ्यांना सक्तीचा होता. तिथे शेवटी मुलांना आपली कौशल्यं वाढल्यासारखी वाटली, पण धंदा काढायचा एकूण उत्साह जरा ओसरलेला दिसला. ॲरिझोना विद्यापीठातला जुना अभ्यास मात्र सांगतो की, हा विषय शिकलेले पदवीधर नव्या उद्योगात पडण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट होती आणि त्यांची कमाईही 27 टक्क्यांनी जास्त होती. माहितीपत्रकात असलाच आकडा ठळक छापतात. तो वाचताना एवढं लक्षात ठेव की, ज्यांच्या डोक्यात आधीपासून धंदा असतो तीच मुलं बहुधा हा विषय निवडतात. म्हणजे त्यातलं श्रेय शिक्षणाचं किती आणि त्या मुलांच्या मूळ ओढीचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

उत्साह ओसरतो हे वाचून तुला वाईट वाटेल. मला मात्र ते ओसरणंच या शिक्षणाचा मोठा फायदा वाटतं. ‘हे माझं काम नाही’ हे विसाव्या वर्षी वर्गात कळणं आणि तिशीत आईचे दागिने गहाण पडल्यावर कळणं, यात किती अंतर आहे! माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी तिसऱ्या वर्षी म्हणाली, ‘मला हिशेब आवडतात, पण उद्याची विक्री होईल की नाही या धास्तीत मी झोपू शकणार नाही.’ आज ती बँकेत छोट्या उद्योगांची कर्जप्रकरणं बघते. समोरच्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट खरा आहे की नुसता फुगवलेला, हे तिला चटकन कळतं. तिचं शिक्षण वाया गेलं असं कोण म्हणेल?

आता खरं शिकायचं काय असतं ते सांगते. आईच्या कांदा-लसूण चटणीचा धंदा करायचं तुझ्या मनात आहे ना? मग पाटी-पेन्सिल घेऊन बस. मिरची किलोनं घेतलीस. ऊन दाखवलं, देठं काढली, की वजन घटलं. खोबरं, तीळ, धने, तेल धर. कांडपाचे पैसे धर. पिशवी, लेबल, अन्नपरवाना, दुकानदाराचं कमिशन, परत आलेला माल, आणि दोन महिने अडकून राहणारी उधारी. एवढं सगळं मांडल्यावरही बहुतेक मुली एक ओळ लिहायची सोडतात, ती म्हणजे स्वतःची मजुरी. आई घरचं म्हणून राबते, तू घरचं म्हणून राबतेस, आणि वर्षाअखेरीला जो ‘नफा’ दिसतो तो तुमच्या दोघींच्या न दिलेल्या पगाराचा असतो. चांगली शिक्षिका तुझ्याकडून ही ओळ पहिल्याच महिन्यात लिहून घेते. पूर्ण अभ्यासक्रमातून मला एकच गोष्ट ठेवायला सांगितली, तर मी हीच ठेवीन.

त्याच्या जोडीला हवी गिऱ्हाइकाकडे स्वतःहून जाण्याची सवय. आफ्रिकेतल्या टोगो देशात छोट्या धंदेवाल्यांवर एक प्रयोग झाला. काहींना नेहमीचं हिशेब-मार्केटिंगचं प्रशिक्षण दिलं आणि काहींना पुढाकार घ्यायला शिकवलं: संधी स्वतः शोधायची, वेगळं काही करून बघायचं, अडलं तरी चिकाटी सोडायची नाही. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे 30 टक्क्यांनी वाढला, पहिल्या गटाचा फारसा नाही. म्हणून म्हणते, नुसत्या पीपीटी करून घेणाऱ्या कॉलेजापासून लांब राहा. बोस्टनजवळ बॅबसन कॉलेज आहे, उद्योजकतेसाठी नावाजलेलं. तिथे पहिल्याच वर्षी मुलांना गटागटानं खरा धंदा काढायला कॉलेज भांडवल उसनं देतं. नफा समाजकार्याला जातो आणि वर्ष संपताना तो धंदा रीतसर बंद करायचा असतो. त्यातलं हे बंद करणं मला फार मोलाचं वाटतं. माल संपवणं, येणी वसूल करणं, देणी चुकवणं, सोबत्यांशी न भांडता हिशेब मिटवणं, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. मग बंद पडलेल्या धंद्याचं ओझं माणूस वर्षानुवर्षं वाहत राहतो.

घाई मात्र करू नकोस. पदवी हातात पडताच स्टार्टअप निघालं नाही तर मागे पडलो, असं मुलांना वाटायला लागलंय. आयडियाफोर्ज ही ड्रोन बनवणारी कंपनी आयआयटी मुंबईत शिकलेल्या मुलांनी 2007 मध्ये काढली, आणि तिथल्याच ‘साइन’ या इन्क्युबेशन केंद्राचा तिला आधार मिळाला. ‘थ्री इडियट्स’मध्ये उडणारं ते यंत्र त्यांचंच. शेअर बाजारात कंपनी आली 2023 मध्ये, म्हणजे 16 वर्षांनी. अमेरिकेत सगळ्यात वेगानं वाढलेल्या कंपन्यांचे संस्थापक कंपनी काढताना सरासरी 45 वर्षांचे होते, असं तिथल्या अभ्यासात दिसलंय. तेव्हा पदवीनंतर दोन-चार वर्षं एखाद्या मसाला किंवा फूड कंपनीत खरेदी नाहीतर विक्री खात्यात काढलीस, तर ती वर्षं तुझ्या धंद्याच्याच खात्यात जमा होतील.

आणि आता बाईमाणसाची म्हणून एक गोष्ट, जी वर्गात क्वचितच निघते. सरकारी योजनांत बायकांना सवलत आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्त्रीला स्वतःचे फक्त 5 टक्के घालावे लागतात आणि ग्रामीण भागात 35 टक्के, शहरात 25 टक्के अनुदान मिळतं. ते अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं, हेही माहीत असू दे. या सवलतीपायी घरोघरी मुलीच्या, सुनेच्या नावावर कर्ज निघतं आणि धंदा दुसराच कुणी चालवतो. सही तुझी असेल तर चेकबुक तुझ्याकडे हवं, खातं तू बघायला हवंस, जीएसटीचे मेसेज तुझ्या मोबाइलवर यायला हवेत. घरातल्यांवर विश्वास असला तरीही. हप्ता थकला की बँक तुलाच बोलावते. लग्न ठरताना तुझ्या धंद्याबद्दल ‘पुढे बघू’ असं उत्तर आलं, तर ‘पुढे’ म्हणजे कधी आणि काय, हे तिथेच विचार. तेव्हा मी तुझ्या शेजारी बसेन.

काकांशी मी बोलते. तू तोवर एक काम कर. ज्या दोन कॉलेजांचे फॉर्म आणलेस, तिथे जाऊन तीन गोष्टी विचारून ये. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः धंदा केलाय? तीन वर्षांत मुलांना खरा माल खऱ्या गिऱ्हाइकाला विकायला लावतात का? आणि पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुली आज काय करतात? तिसऱ्या प्रश्नाला फक्त एका यशस्वी मुलीचा फोटो दाखवला, तर बाकीच्यांपैकी दोघींचे नंबर मागून घे आणि त्यांच्याशी निवांत बोल. नंबर देत नसतील, तर त्या कॉलेजचा फॉर्म भरू नकोस, बी.कॉम. कर आणि शनिवार-रविवार माझ्याकडे कारखान्यावर येत जा.