जिमची फी भरावी की नाही? आधी महिनाभर स्वतःची परीक्षा घ्या



अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात राहा की अकोल्याच्या अकोट फैलात, वस्तीच्या आसपास आता एखादी तरी जिम दिसते. बाहेर पिळदार दंडांचे फलक आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : वर्षाची फी एकदम भरा, सूट मिळवा. घरात तरुण मुलगा हट्ट धरतो. आईला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेले असते. वडिलांची कमाई रोजंदारीची. मग प्रश्न पडतो, हे पैसे भरावे की नाही? या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. पण आपल्या घरापुरते उत्तर कसे काढायचे, एवढे या पाठात शिकून घेऊ.

शरीराला लागते किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायामाचे प्रमाण सांगितले आहे. मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालले तरी किमान प्रमाण पूर्ण होते. ‘मध्यम जोर’ ओळखायची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी.

स्नायूंचा व्यायाम फक्त पोरांच्या दंडांसाठी नसतो. रक्तातली साखर वापरण्याचे मोठे काम स्नायू करतात. वय वाढते तसे स्नायू झिजतात, म्हणून चाळिशीपुढच्या आईबापांना त्याची गरज अधिक. बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांत मधुमेहाने त्यांना किती छळले हे आपण सगळे जाणतो. तोच मधुमेह आज वस्तीतल्या घराघरांत येऊन बसला आहे.

आता जिम आपल्याला काय विकते ते पाहा. चालण्या-धावण्याला रस्ता आणि मैदान पुरते. वजन उचलण्याची साधने, ती वापरायला शिकवणारा माणूस आणि पावसापाण्यात डोक्यावर छप्पर, एवढेच जिममध्ये वेगळे मिळते. फी भरायची ती एवढ्यासाठी.

राजा पसेनदीने पैसे कशाचे दिले?

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भाताचे जेवण जेवायचा. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. त्याची अवस्था पाहून बुद्धांनी त्याला प्रमाणात खाण्याचा उपदेश केला. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला तो उपदेश पाठ करायला लावला आणि आपण जेवायला बसलो की म्हणून दाखवायचे काम दिले. त्यासाठी रोजचे शंभर कार्षापण ठरवले. हळूहळू राजाचे जेवण एका नाळीभर भातावर आले, शरीर हलके झाले.

राजाने औषध विकत घेतले नाही. काय करायचे ते त्याला कळले होते. रोज, नेमक्या वेळी, कोणीतरी आठवण करून द्यावी यासाठी त्याने पैसे मोजले, आणि सुदस्सनही रोज हजर राहिला. जिमची फी या कसोटीवर तपासा. त्या फीमुळे तुमचा नेम टिकणार असेल तर ती कामाची. नेम टिकणार नसेल तर नुसती पावती भिंतीला लावून पोट कमी होत नाही.

आणि फी भरली की नेम आपोआप येतो, असेही नाही. अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७०० हून अधिक सभासदांच्या हजेरीचा अभ्यास दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी चारच्या थोडे वर वेळा येत होते. एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरमध्ये झाली असती. शिकलेसवरलेले, पैसेवाले लोकही ‘मी रोज जाईन’ या भरवशावर फसतात. आपल्याकडे याला नव्याचे नऊ दिवस म्हणतात.

हिशेब मांडू

समजा महिन्याची फी ८०० रुपये आहे. महिन्यात २० दिवस गेलात तर एका दिवसाला ४० रुपये पडले. चारच दिवस गेलात तर एका दिवसाला २०० रुपये.

समजा वर्षाची फी ६,००० आहे. ऐकायला ५०० रुपये महिना, म्हणजे स्वस्त. पण एप्रिलमध्ये जयंतीची धामधूम, मग लग्नसराई, मग ऊन, मग मुलांच्या शाळेचा खर्च. दोन महिन्यांत जाणे सुटले तर तो ‘स्वस्त’ महिना ३,००० रुपयांना पडला. वार्षिक सवलत फक्त टिकणाऱ्याला स्वस्त पडते. ज्याचे टिकणे अजून ठरायचे आहे, त्याने एक-एक महिन्याचीच फी भरावी.

फीशिवायचे खर्चही लिहा : प्रवेश शुल्क, बूट, पेट्रोल किंवा ऑटो, वेगळ्या ट्रेनरचे पैसे आणि पावडरचा डबा. पुष्कळदा हा वरचा खर्च फीपेक्षा मोठा होतो.

फी न भरता काय होते?

बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमण सांगितले, म्हणजे ठरावीक जागेत शांतपणे येरझारा घालणे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ दिले आहेत : लांबचा प्रवास पायी करण्याचे बळ येते, कष्ट करण्याची ताकद येते, रोग कमी होतात, खाल्लेले पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. ज्या वस्तीत विहार आहे, तिथे विहाराचे अंगणही आहे. सकाळी साडेपाचला वंदना घेऊन अर्धा तास चालणारा दहा जणांचा गट ही वस्तीची जिमच आहे. आरोग्यासाठी त्यातला थोडा वेळ भरभर चाला, म्हणजे वरचा हिशेब पूर्ण होतो.

ताकदीच्या व्यायामालाही यंत्र लागतेच असे नाही. वजन लोखंडाचे आहे की पाण्याच्या कॅनचे, हे स्नायूला कळत नाही. पाच लिटरचा भरलेला कॅन म्हणजे पाच किलो. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळ आणि व्यायामाची प्रात्यक्षिके केली. एक खांब, मोकळी जमीन आणि स्वतःच्या अंगाचे वजन एवढ्यावर मल्लखांब आणि कबड्डी उभे आहेत.

घरी आठवड्यातून दोन दिवस एवढे करा : खुर्चीवर बसणे-उठणे १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १० वेळा, भरलेला कॅन दोन्ही हातांनी आळीपाळीने उचलणे १० वेळा, टाचा उचलून चवड्यावर उभे राहणे १५ वेळा. थोडा दम घेऊन हीच फेरी आणखी दोनदा. भिंतीवरचे दंड सोपे वाटू लागले की ते पलंगाच्या काठावर करा, नंतर सतरंजीवर.

कोणाला फी भरणे परवडते?

ज्या बाईला पहाटे एकटीने रस्त्यावर चालणे सुरक्षित वाटत नाही, घरात हात पसरायला जागा नाही, तिला बायकांची वेगळी वेळ असलेली जवळची जिम मिळत असेल तर ती फी चैन समजू नका. घरात मुलाच्या जिमला पैसे निघतात आणि साखर वाढलेल्या आईसाठी निघत नाहीत, हे समतेच्या घरात शोभत नाही. ज्याला डॉक्टरांनी वजनाचे व्यायाम देखरेखीखाली करायला सांगितले आहेत, ज्याला वजन उचलण्याच्या खेळातच पुढे जायचे आहे, त्यांनाही फी भरण्याचे कारण आहे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी आधी परीक्षा पाहावी. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. आरशासमोर फुगवलेल्या दंडाला तिथे गुण नाहीत. या तयारीला मैदान, घड्याळ, गोळा आणि चांगला मार्गदर्शक लागतो. पैसे असतील तर आधी धावण्याच्या बुटांवर खर्च करा.

दिवसभर हमाली किंवा बांधकामावर काम करणाऱ्या भावाच्या अंगाची मेहनत आधीच झालेली असते. संध्याकाळी आणखी वजन उचलण्यापेक्षा त्याला पुरेशी झोप, पोटभर सकस जेवण आणि आखडलेली पाठ-मांड्या मोकळ्या करणारे हलके ताणाचे व्यायाम जास्त उपयोगी. आणि केवळ पोट कमी करायला जिम लावणाऱ्याने लक्षात ठेवावे की अर्धा तास चालून जे खर्चले ते एका कचोरीत परत येते. राजा पसेनदीचे शरीर हलके झाले ते ताट बदलल्यामुळे.

फी कर्ज काढून, हप्त्यावर किंवा मुलांच्या शिक्षणाच्या पैशातून जाणार असेल, तर भरू नये.

तीन सावधगिऱ्या

पहिली सिकलसेलची. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आढळते. वाहक माणूस एरवी निरोगी असतो आणि त्याने व्यायाम जरूर करावा. पण कडक ऊन, अंगात पाणी कमी आणि सवय नसताना एकदम जोराचा व्यायाम, हे तिन्ही एकत्र आले तर वाहकालाही क्वचित गंभीर इजा होऊ शकते. म्हणून जिम किंवा भरतीचा सराव सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची मोफत तपासणी करून घ्या. वाहकाने व्यायाम हळूहळू वाढवावा, मधे मधे थांबावे, पाणी पीत राहावे. ज्याला सिकलसेलचा आजारच आहे, त्याने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

दुसरी उन्हाची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली, खिडकी नसलेल्या खोलीत दुपारी किंवा संध्याकाळी लवकर व्यायाम करणे धोक्याचे. उन्हाळ्यात पहाटेचीच वेळ धरा. छातीत दुखले, चक्कर आली, दम लागून बोलता येईना, तर तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा.

तिसरी डब्यांची आणि इंजेक्शनची. शरीर लवकर भरावे म्हणून दिली जाणारी स्टेरॉइडची गोळी-इंजेक्शने हृदय आणि यकृत बिघडवतात, पुरुषाला मूल होण्यात अडचण आणतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणी देत असेल तर ती जिम सोडा. पावडरीचे म्हणाल तर १०० ग्रॅम सोयाबीन वडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात, १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५, तुरीच्या डाळीत २२ च्या आसपास, एका अंड्यात ६. सोयाबीन आणि तूर आपल्याच शेतशिवारात पिकते.

भरायचीच ठरली तर

ज्या वेळी तुम्ही जाणार, त्याच वेळी आधी जाऊन पाहा. हवा खेळती आहे का, प्यायला पाणी आहे का, शिकवणारा नवख्याकडे लक्ष देतो का, बायकांची वेळ कोणती, आजारी पडलात तर दिवस पुढे मिळतात का, हे विचारा. कबूल केलेले कागदावर लिहून घ्या आणि पावती मागा. पावती हा ग्राहकाचा हक्क आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

या महिन्याचा अभ्यास

१. घरातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासून घ्यावी. टेपने कंबर मोजावी. पुरुषाची ९० सेंटिमीटरहून आणि बाईची ८० सेंटिमीटरहून जास्त असेल तर सावध व्हावे.

२. जिमला जी वेळ देणार होता, तीच वेळ महिनाभर चालणे आणि घरचे व्यायाम यांना द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या दिवशी खूण करा.

३. घरातल्या एकाला सुदस्सन नेमा. आठवण करून देणे त्याचे काम, चिडचिड न करता उठणे तुमचे काम.

४. महिन्याच्या शेवटी खुणा मोजा. वीस किंवा जास्त भरल्या आणि तरीही जिममधल्या एखाद्या गोष्टीची गरज उरली असेल, तर एका महिन्याची फी खुशाल भरा. दहाच्या आत राहिल्या तर पैसे घरात ठेवा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा. मधल्या आकड्यावर असाल तर आणखी एक महिना असाच काढा.

कॅलेंडरवरच्या या खुणा घरातल्या सगळ्यांना दिसतील अशा ठेवा. फी भरण्याचा निर्णयही घरातल्या सगळ्यांनी बसून करावा. जयभीम. नमो बुद्धाय.