बीव्हरच्या घराची माती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, सुपीरियर नावाच्या विशाल सरोवराच्या दक्षिणेस विस्कॉन्सिन हे राज्य आहे. त्याच्या उत्तर भागात दाट अरण्ये व असंख्य लहानमोठी तळी आहेत. १९८४ सालच्या जून महिन्यात तेथील ईगल रिव्हर गावाच्या परिसरात, निसर्गाच्या अभ्यासासाठी भरलेल्या एका शिबिरास प्राथमिक शाळेतील मुलांच्या दोन तुकड्या आल्या होत्या. त्यांना बीव्हरचे तळे दाखविण्यात आले.

बीव्हर हा कुरतडणारा प्राणी होय. आपल्याकडील घूस त्याच्यापुढे अगदीच लहान. तो दातांनी झाडे पाडतो, फांद्या व चिखल यांचा बांध घालून ओढ्याचे पाणी अडवितो आणि त्या पाण्यात फांद्यांचेच घर रचतो. असा कुशल गवंडी कोठे राहतो हे पाहावयास मिळाल्यावर मुले दूर कशी उभी राहणार? काही जण त्या घरावर चढले. काहींनी तेथील मातीत पडलेल्या वस्तू उचलून पाहिल्या. मग सर्व मंडळी परतली.

तीन आठवडे काहीच घडले नाही. त्यानंतर मात्र एकेक जण आजारी पडू लागला. कोणास २१ दिवसांनी त्रास सुरू झाला, तर कोणास थेट १०६ दिवसांनी. इतक्या दिवसांनी आलेल्या दुखण्याचा संबंध त्या सहलीशी कोण जोडणार? तथापि डॉक्टरांनी चिकाटीने शोध घेतला. मुले व मोठी माणसे मिळून ९५ जणांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी ४८ जणांना ब्लास्टोमायकोसिस या रोगाची लागण झालेली आढळली. त्यांतील २६ जणांना दुखणे जाणवले. उरलेल्यांना आपल्याला काही झाले आहे याची कल्पनाही नव्हती.

मागेपुढे त्याच शिबिरास आलेल्या इतर तुकड्यांतील कोणीही आजारी पडले नव्हते. मग याच दोन तुकड्यांनी वेगळे काय केले होते? कोण कोठे गेले, कोणी कशास हात लावला, याची बारकाईने विचारपूस झाली. बीव्हरच्या घरावर चालणाऱ्यांत आजारी अधिक, असे दिसून आले. तेथील माती व बांधाजवळचे कुजके लाकूड प्रयोगशाळेत नेऊन पाहिले, तेव्हा रोगाचे मूळ त्यांतच सापडले. ते मूळ म्हणजे एक बुरशी होती.

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर किंवा चामड्याच्या वहाणेवर येणारी बुरशी सर्वांच्या परिचयाची आहे. ही बुरशी तिच्याच जातकुळीतली. परंतु तिला दोन रूपे आहेत. पाण्याकाठच्या ओलसर मातीत व कुजक्या लाकडात ती बारीक तंतूंच्या रूपाने वाढते आणि तिच्यावर सूक्ष्म बीजाणू धरतात. माती उकरली की ते हवेत उडतात व श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. तेथील उबेत बुरशी आपले रूप पालटते. तंतू नाहीसे होतात आणि जाड आवरणाच्या गोल पेशी बनून त्या वाढू लागतात. बाल्टिमोर येथील गिलख्रिस्ट या डॉक्टराने या रोगाचे वर्णन १८९४ साली केले होते. तरीही त्यानंतरच्या ९० वर्षांत मातीतून ही बुरशी फारच थोड्या वेळा हाती लागली होती. ईगल रिव्हरच्या शोधाचे महत्त्व यातच आहे.

या मुलांना जे झाले, ते त्या भागातील कुत्र्यांना नेहमीच होत असते. माणसापेक्षा कुत्र्यांत हा रोग कितीतरी अधिक आढळतो आणि त्यात नवल नाही. कुत्र्याचे नाक सदा जमिनीशी! तळ्याकाठी वास घेत हिंडावे, पंजांनी माती उकरावी, बिळात तोंड खुपसावे, हा त्याचा स्वभावच. मग तो खाईनासा होतो, रोडावतो, खोकू लागतो. कधी अंगावर फोड येतात, कधी पाय लंगडतो, कधी डोळे लाल होऊन दृष्टीही जाते.

अशा वेळी घरातील एखादा माणूसही खोकू लागला, तर बिचाऱ्या कुत्र्यावर आळ येतो. तो आळ खोटा आहे. शरीरातील गोल पेशींवर हवेत उडणारे बीजाणू धरत नाहीत. त्यामुळे कुत्र्याच्या खोकल्यातून हा रोग माणसाला होत नाही, की माणसाच्या खोकल्यातून कुत्र्याला होत नाही. दोघांनी एकाच तळ्याकाठची हवा श्वासात घेतलेली असते, एवढेच.

या रोगात दगा होतो तो ओळख पटण्यास उशीर झाल्याने. लक्षणे न्यूमोनियासारखी दिसतात आणि त्यावरची नेहमीची औषधे सुरू होतात. ती जिवाणूंना मारतात, बुरशीला नव्हे. बुरशीवरील औषधे निराळी असून ती कित्येक महिने घ्यावी लागतात. तीव्र आजारात उपचार न झाल्यास प्राणही जाऊ शकतो. कुत्रे बहुधा माणसाच्या आधी आजारी पडते. म्हणून त्या प्रदेशातील जाणता पशुवैद्य कुत्र्याला औषध देऊन थांबत नाही. घरात कोणाला ताप किंवा खोकला आहे काय, हेही तो विचारून घेतो. कुत्र्याच्या दुखण्यामुळे धन्याचे दुखणे वेळीच ओळखले गेल्याची उदाहरणे तेथे आहेत.